निजवलेली जमीन

डोंगरावरची जमीन मोजताना साखळी आडवी धरायची असते. ती उताराला टेकवायची नाही. वरच्या माणसानं आपलं टोक जमिनीला लावायचं, खालच्यानं आपलं टोक छातीपर्यंत, वेळ पडली तर डोक्यापर्यंत उचलायचं, त्यातून ओळंबा सोडायचा आणि ओळंबा टेकेल तिथे खूण करायची. मग त्या खुणेपासून पुढे. पुढे साखळी गेली, टेप आला, टेप गेला आणि यंत्रं आली, पण नियम तोच राहिला. भूकरमापकाच्या नोकरीत मी शिकलेली पहिली गोष्ट ही.

असं का, हे बाहेरच्या माणसाला समजावताना मी कौलारू घराचं उदाहरण द्यायचो. छप्पर उतरतं असतं म्हणून कौलं जास्त लागतात, पण घराखालची जागा जोत्याएवढीच असते. पाऊस तेवढ्याच जागेवरचा पडतो आणि रोपही सरळ वरच वाढतं. म्हणून नकाशात लिहायची ती जागा जोत्याची. सगळीकडे असंच मोजतात, मी काही माझ्या मनचं करत नव्हतो. पण ज्यानं त्या उतारावर पाठ मोडेपर्यंत कुदळ मारलेली असते त्याला जोतं दिसत नाही, कौलंच दिसतात. पेठकडच्या एका म्हातारीनं माझा सगळा खुलासा शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "मंग तू हवेत उभा राहून नांगर धरून दाखव." मग तिनंच घरात नेऊन मला नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाचं वरण वाढलं.

माझी बहुतेक नोकरी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला गेली. पेठ, सुरगाणा, हरसूल. बायको म्हणते, एवढी वर्षं डोंगरात हिंडलात, पण त्या डोंगरांविषयी दोन वाक्यं धड सांगता येत नाहीत. खरं आहे. लोक तिकडे पावसाळ्यात धबधबे बघायला जातात आणि परत येऊन तासभर वर्णन करतात. मला विचाराल तर मी सांगेन, अमुक पाड्याच्या खालच्या अंगाला ओढा वळतो तिथे हद्दीचा दगड पुरलेला आहे, तमुक टेकडीच्या डोक्यावर जुनी खूण आहे पण ती करवंदीच्या जाळीत गेली आहे. भिंगातून बघणाऱ्याला तेवढंच दिसतं जेवढ्यावर त्यानं भिंग रोखलंय. सपाट डोक्यांचे ते डोंगर, ऐनाची आणि मोहाची झाडं, कुडाच्या भिंतींची घरं, हिवाळ्यात खुरासणीच्या फुलांनी पिवळे झालेले उतार, हे सगळं माझ्यासमोर होतं. मी त्याच्या कडा टिपत राहिलो. याचं मला आता वाईट वाटतं, पण आता गुडघे ऐकत नाहीत.

आमचे वडील ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते. नाशिकरोडकडच्या आमच्या वस्तीत त्यांना मान होता. बाबासाहेबांच्या जयंतीला स्टेजच्या जोडणीपासून लाऊडस्पीकरच्या तारेपर्यंत सगळं त्यांच्याच हातचं. मुलानंही कारखान्यात लागावं ही त्यांची इच्छा होती. मी मोजणीखात्यात लागलो तेव्हा ते वस्तीत सांगायचे, विमानं जोडणाऱ्याचा पोरगा आता पायी हिंडणार. जमिनीशी आमचा संबंध म्हणाल तर आजोबांच्या गावी हाडोळ्याचा, म्हणजे महारकीच्या वतनाचा, एक तुकडा होता, तो इतक्या भावकीत वाटला गेला की त्यातला आमचा वाटा उभं राहायलासुद्धा पुरला नसता. त्यामुळे "ही माझी जमीन" हे वाक्य मी घरात कधी ऐकलं नाही. नोकरीत मात्र रोज ऐकलं, आणि नाना तऱ्हांनी ऐकलं.

सगळ्यात मोठ्यानं ते निफाडकडे ऐकलं. सुरुवातीची काही वर्षं मी तिकडे होतो. दोन सख्खे भाऊ, दोघांच्या द्राक्षबागा, मधे एक बांध. बांध दर साली थोडा थोडा सरकतो असं दोघांचंही म्हणणं, फक्त दिशा वेगवेगळी. मी मोजायला गेलो की थोरला माझ्या उजव्या हाताला चालायचा, धाकटा डाव्या हाताला, आणि दोघंही माझ्या पावलांकडे बघत. थोरल्यानं चहा पाजला की धाकटा उसाचा रस आणायचा. मोजणी झाली, दगड पुरले, आणि बांध जिथे होता तिथेच निघाला. त्या दिवशी मी पहिल्यांदा दोन्ही भावांना एकमत झालेलं पाहिलं. मोजणीवाला चोर आहे याबद्दल दोघांची खात्री पटली होती.

दुसरं एक गिऱ्हाईक आठवतं ते शहरातलं. हरसूलच्या अलीकडे त्यानं एका बिगरआदिवासी मालकाकडून जमीन घेतली होती, तीही मोबाइलवर फोटो बघून. फोटोत ढग होते, हिरवळ होती, लांबवर धरणाचं पाणी चमकत होतं. हद्द दाखवा म्हणून त्यानं रीतसर अर्ज केला. मी यंत्र लावून हद्द दाखवायला लागलो तर ती एका कड्यावरून खाली उतरत गेली. नकाशात छान चौकोनी दिसणारी त्याची जमीन प्रत्यक्षात भिंतीसारखी उभी होती. मी त्याला जोतं आणि कौलं समजावली. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे साहेब, उताराची जास्तीची जमीन मला फुकटच मिळाली की." मी हो म्हणालो. त्याचा दिवस कशाला खराब करा. पुढे त्यानं कड्याच्या डोक्यावर एक बाकडं टाकलं आणि फाटकावर पाटी लावली, असं ऐकलं.

वर डोंगरात असली गिऱ्हाइकं क्वचित. तिथे बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ मला फारसे भेटले नाहीत, कारण बांध घालण्याइतकी सपाटी कुणाकडे नव्हती. तिथली अडचण उलटी होती. तिथे माणसाच्या तोंडून "माझं" हा शब्द काढायला जड जायचं. तिकडच्या बोलीत कलेक्टरलाही तू म्हणतात, मग मी तर साधा मापाडी. एका गावात लोकांनी मला मोजणीच सुरू करू दिली नाही, का तर आधी वाघदेवाची जागा मोज, तो आमच्याही आधीचा. वाघदेवाचं शेंदूर लावलेलं लाकूड एका मोहाखाली उभं होतं. त्याच्या नावानं काही लिहिता येत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. शेवटी मी त्याच्याभोवती टेप फिरवला आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. तो कुठेही लिहिला नाही, पण देवानं ऐकला म्हणून लोकांचं समाधान झालं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. गावाचं नाव बदलतो, आपण त्याला चिरेमाळ म्हणू. सुरगाण्याच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीकडे तोंड करून बसलेला पाडा. जीप ओढ्याच्या अलीकडे सोडायची, ओढा उतरायचा आणि समोरची चढण चढायची. वनजमीन कसणाऱ्यांना तिचा हक्क द्यायचा कायदा आला तेव्हा दाव्यांची पाहणी आणि मोजणी गावोगाव सुरू झाली. चिरेमाळला आम्ही गेलो ते सुगीनंतर. खळ्यांवर नागलीची झोडपणी संपत आली होती. माझ्याबरोबर आमचा शिपाई, एक वनरक्षक आणि गावाच्या वनहक्क समितीची माणसं होती.

मोजणी चालायची ती अशी. माणसानं आपल्या वहिवाटीच्या जमिनीत उभं राहायचं, समितीसमोर सांगायचं की ही मी कसतो, गावातल्या जाणत्यांनी मान डोलवायची, मग मी तिच्या कडेनं फिरून ती मोजायची. आकडे नंतरचे. आधी त्या माणसाचं तोंड.

इथे डोंगरातली शेती कशी असते ते सांगायला हवं. पहिल्या साली उतारावर नागली, पुढच्या साली वरई, मग खुरासणी. तोवर माती दमते, दगड वर येतात. मग ती जागा काही वर्षं पड ठेवायची आणि दुसरी कसायची. पड जागेवर झुडपं येतात, पाला कुजतो, माती परत भरते. म्हणजे कुणाचीही शेती एका जागी नसते, एक जागती असते आणि एक झोपलेली. कायद्यात याची सोय होती. पड जमीनही मोजता येत होती, फक्त कसणाऱ्यानं तिच्यात उभं राहून "ही माझ्या वहिवाटीची" म्हणायला हवं होतं.

चिरेमाळची रीत मात्र वेगळी होती. आसपासच्या पाड्यांवर मी ती पाहिली नाही. तिथे जमीन नुसती पड टाकत नसत, निजवत असत. आणि निजवण्याचं काम लहानूबाबाकडे होतं. लहानूबाबा म्हणजे साठीच्या आतबाहेरचा, काटक, कानात बाळी घातलेला माणूस. कुणाची जमीन दमली की त्याला बोलावत. शेवटच्या पिकातलं मूठभर धान्य तो वरच्या कोपऱ्यातल्या दगडावर ठेवायचा, मोहाच्या दारूची धार धरायचा आणि जमिनीला सांगायचा की तू लय दिलंस, आता नीज, आता तू कोणाची नाय. त्यानंतर ती खरोखरच कुणाची नसे. कुणाचीही गुरं तिथे चरत, कुणीही गवत कापून नेई. काही वर्षांनी तिला परत कसायचं झालं तर कोंबडं घेऊन जायचं आणि लहानूबाबानं तिला उठवायचं. तोवर तिला आपली म्हणायचं नाही.

अर्थातच सगळ्यांची पंचाईत झाली. निजलेल्या जमिनीत उभं राहून ती माझी म्हणायचं कसं? पहिला पुढे झाला तो लहानूबाबाचा चुलतभाऊ. तो झुडपात शिरला, पायांकडे बघत भरभर ते वाक्य बोलला आणि बाहेर आला. सगळ्यांनी लहानूबाबाकडे पाहिलं. त्यानं जाणता म्हणून मान डोलवली. मग बांध फुटावा तसे सगळेच बोलले. प्रत्येकाची जागती जमीन मोजली, निजलेलीही मोजली, आणि दर खेपेला लहानूबाबानं मान डोलवली. वनरक्षक भला माणूस होता, तोही म्हणाला, चला, एका पाड्याचं तरी नीट झालं.

मग लहानूबाबाची पाळी आली. त्याचा नागलीचा तुकडा मोजला. उतार इतका तिरका होता की हिशेबात जमीन अगदीच थोडी भरली. त्याची निजलेली जागा वरच्या अंगाला होती, ऐनाच्या झाडांपर्यंत. तशी माती अख्ख्या पाड्यात नव्हती, हे मला चालतानाच पायाला कळत होतं. तो तिच्या कडेशी येऊन थांबला.

पुढची, असं मी विचारलं तर तो म्हणाला, पुढची कोणाची नाय.

मी पुन्हा समजावलं. बाबा, तुमच्या सगळ्या पाड्यानं आताच बोलून दाखवलं आणि तुम्हीच मान डोलवली. वनरक्षकानंही समजावलं. खरं तर ती जमीन सुटली तर त्याच्या खात्याची सोय होती, पण तोही म्हणाला, बोला बाबा, एवढ्यासाठी अडू नका. लहानूबाबा रागावला नाही की हटून बसल्यासारखाही दिसला नाही. एखाद्याला वाट समजावून सांगावी तसं त्यानं मला सांगितलं.

"हे लोक निजवताना नुसते उभे व्हते. बोललो मी. ते आता काय बी बोलतील, त्यांचं तोंड मोकळं हाय. माझ्या तोंडानं मी तिला एक सांगलंय, त्याच तोंडानं दुसरं कसं सांगू?"

ज्याच्या घरात कुणी कधी जमिनीला माझी म्हणू शकलं नाही असा मी, आणि समोर हा माणूस, ज्याला फक्त एक शब्द बोलायचा होता आणि जो बोलत नव्हता. मला त्याचा राग आला. आदर नंतर वाटला, त्या क्षणी रागच आला. आजोबांना असं कुणी विचारलं असतं तर ते गाव गोळा होईपर्यंत ओरडत राहिले असते.

मग मला आठवलं की दावा नवराबायको दोघांच्या नावे असतो. लहानूबाबाची बायको बुधीबाई तिथेच बायकांच्या घोळक्यात होती. ठसठशीत बाई. सकाळपासून समितीच्या माणसांना तीच बोलून बोलून जागेवर ठेवत होती. मी तिला सांगितलं, मावशी, या जमिनीवर तुमचंही नाव लागणार आहे, तुमचा शब्द त्यांच्या शब्दाइतकाच चालतो, तुम्ही बोला. समितीच्या अध्यक्षानं होकार भरला. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि झुडपं बाजूला सारत वर चढून गेली. ऐनाच्या पहिल्या झाडाशी ती वळून उभी राहिली. खाली कडेला लहानूबाबा उभा होता. मी दोघांच्या मधे, यंत्र हातात धरून.

बुधीबाई नवऱ्याकडे बघत होती आणि लहानूबाबा तिच्याकडे. त्याची नजर हलत नव्हती. मला वाटलं, हा तिला डोळ्यांनी दटावतोय. मी त्याला म्हणणारही होतो की बाबा, तिला बोलू द्या. पण नवराबायकोच्या मधे बोलायचं नसतं, या शहाणपणानं मी गप्प राहिलो.

बुधीबाई तशीच खाली आली. लुगड्याला चिकटलेली कुसळं काढत म्हणाली, "नाय. कोणाची नाय."

मी लगेच पुढे गेलो नाही. शिपायाला पाणी आणायला पाठवलं, चप्पल झटकली, उगाच यंत्र पुसलं. शेवटी नागलीच्या तुकड्याच्या वरच्या कडेला रेघ थांबली. तिथे खुणेचा दगड पुरायचा होता. दगड शोधून आणला तो लहानूबाबानंच. खड्डाही त्यानंच काढला, आणि दगड हलू नये म्हणून भोवती पाचर मारून घट्ट बसवला. काम नेटकं करायची त्याला सवय होती.

पुढची गोष्ट लिहायला नकोशी वाटते. जमीन कुणावरही रागावली नाही. ज्यांनी निजलेल्या जमिनीला आपली म्हटलं त्यांनी यथावकाश तिला उठवलं, आणि उठवायला लहानूबाबालाच बोलावलं. नागली उत्तम आली. रीत मोडली म्हणून कुणाचं ढोर मेलं नाही की कुणाचं पोर आजारी पडलं नाही. काही अघटित घडलं असतं तर लहानूबाबाचं बरोबर होतं असं तरी म्हणता आलं असतं. देवानं तेवढीही सोय ठेवली नाही.

लहानूबाबाची वरची जमीन कुणाची नव्हती, म्हणून काही काळानं वनखात्यानं तिथे चर खणून रोपं लावली आणि कडेनं तार आली. कायद्यानं त्यात चूक काहीच नव्हती. आता त्याच्याकडे फक्त नागलीचा तो तुकडा उरला. निजवायचा तर खायचं काय? म्हणून तो दरसाल त्यालाच जागवत राहिला. दुसऱ्या कामासाठी मी त्या बाजूला जायचो तेव्हा वाट वाकडी करून चिरेमाळला डोकावायचो. दर खेपेला त्या तुकड्यात माती कमी आणि मुरूम जास्त दिसायचा. फेरदावा करता येतो का, हे मी वरच्या साहेबांना विचारलं, करता येतो असं कळल्यावर लहानूबाबाला सांगितलंही. त्यानं मला बसायला घोंगडी दिली आणि म्हणाला, तवा नाय बोललो, आता कसा बोलू. बुधीबाई चुलीपाशी होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

त्यांचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जाऊ लागले. पुढे म्हातारा-म्हातारीही जाऊ लागले. एकदा वणीच्या रस्त्यावर माणसं कोंबून भरलेली जीप थांबली होती, तिच्या मागच्या फळीवर लहानूबाबा बसलेला दिसला. मला बघून त्यानं हात वर केला. ज्या बागांचे बांध मी तरुणपणी मोजले होते तसल्याच बागांत तो छाटणी करायला चालला होता. मी चहाचं विचारेपर्यंत जीप हलली.

निवृत्त झाल्यावर बरीच वर्षं तिकडे गेलो नाही. आता मोजणीला आकाशातून मोजणारं यंत्र आहे, हातात काठी धरून उभं राहिलं की झालं. मुलाच्या गाडीतून एकदा सुरगाण्याकडे जाणं झालं, गेल्या हिवाळ्यात, तेव्हा चिरेमाळला जाऊ या म्हणालो. ओढ्यावर पूल झालाय, गाडी थेट पाड्यावर जाते. खळ्याशेजारी मजुरांची जीप उभी होती आणि माणसं बोचकी चढवत होती. त्यात बुधीबाई होती. वाळलेली, पण नजर तशीच. तिनं मला ओळखलं. लहानूबाबा दोन पावसाळ्यांमागे गेल्याचं तिनं सांगितलं. मुलगा-सून पुढे गेलेत, ही त्यांच्यामागून चाललीय. मी म्हणालो, मावशी, या वयात? ती म्हणाली, बागेत म्हातारीला सावलीतलं काम देतात.

जीप भरायला वेळ होता. आम्ही खळ्याच्या कडेला बसलो. समोर वरच्या उतारावर तारेपलीकडे झाडं चांगली वाढलेली होती, पण तिनं तिकडे पाहिलं नाही. तिनं जे सांगितलं ते असं.

शेवटी शेवटी लहानूबाबा अंथरुणाला खिळला होता. बोलणंही तुटक झालं होतं. एके सकाळी ती त्याला नागलीची आंबील पाजत होती. त्यानं वाटी बाजूला सारली आणि विचारलं, मोजणीच्या दिवशी तू वर गेलीस, मग बोलली का नाहीस? तिला वाटलं, याला भ्रम झाला. ती म्हणाली, तुमच्या शबदासाठी. तर तो म्हणाला, शबद माझा व्हता. निजवली मी. तुला कोणी बांधलं व्हतं?

"मी बोलले असते तं पाड्यापुढं त्याचा शबद पडला असता," बुधीबाई मला म्हणाली. "त्याचा शबद पडू नाय म्हून मी गप रायले. अन् तो तिथं उभा राहून माझ्या बोलाची वाट बघत व्हता. एवढी वर्सं आमी एका चुलीवर खाल्लं, पण त्यानं कधी इचारलं नाय अन् मी कधी सांगलं नाय."

तिनं हातातली काडी मोडली.

"भाऊ, तू तं आमच्या मधी उभा व्हतास. तुला दिसला ना तो? कसा बघत व्हता?"

मी खरं तेच सांगितलं. मला वाटलं, ते तुम्हाला अडवतायत.

"मला बी तसंच वाटलं," ती म्हणाली. जीपवाल्यानं हॉर्न दिला, तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली, बोचकं डोक्यावर घेतलं आणि गेली.